नोकरी लागली म्हणून पोटावर पाय!

वस्तीतल्या पोराला नोकरी लागली की आई विहारात जाऊन मेणबत्ती लावते. शेजारीपाजारी पेढा खातात. आणि त्याच दिवशी कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "आता कार्डाचं काय करणार?"

कार्ड म्हणजे रेशनचं कार्ड. पहिला पगार अजून हातात पडलेला नसतो. ठेकेदारानं आधारची झेरॉक्स आणि पासबुकाचा फोटो तेवढा घेतलेला असतो. पण घरात धाकधूक सुरू. कुणी म्हणतं, गप बसा, कुणाला सांगू नका. कुणी म्हणतं, पोराचं नाव कमी करून टाका. कुणी म्हणतं, ठेकेदाराला सांग, रोखीनं दे, कागदावर आणू नको.

हा विषय संपादकीयाला घेतला तर आमच्यातलेच काही मित्र हसले. म्हणाले, अत्याचार होतायत, आरक्षणाच्या जागा गिळल्या जातायत आणि तू रेशनवर लिहितोस? मी लिहितोय. ज्याला पिशवी घेऊन रांगेत उभं राहावं लागलं नाही त्यालाच हा प्रश्न बारका वाटतो. वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देताना मी हे रोज बघतो. नोकरी हरामखोरी नाही आणि धान्य भीक नाही. तरी दोन्ही एका घरात आली की माणूस गुन्हेगारासारखा का वागायला लागतो, एवढाच माझा सवाल आहे.

आधी सरकारचा काटा बघू. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. पिवळं, केशरी, पांढरं. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं. त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी. त्याहून जास्त असेल तर पांढरं. जात जन्मावरून ओळखणाऱ्या या देशानं गरिबी रंगावरून ओळखायला सुरुवात केली. मग २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. अंत्योदयच्या घराला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पिवळेवाले त्यात आले. केशरीवाल्यांतून कोण घ्यायचे? शहरात ज्यांचं वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत, खेड्यात ४४,००० च्या आत.

भागाकार करा. १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. ४४,००० म्हणजे ३,६६६. ५९,००० म्हणजे ४,९१६. एका माणसाला नव्हे, अख्ख्या घराला! आता दुसरा आकडा घ्या. केंद्र सरकारनं २०१९ साली मजुरीची देशभराची तळरेषा ठरवली, रोज १७८ रुपये. त्या दरानं महिन्याला २६ दिवस आणि वर्षाचे बारा महिने काम मिळालं तर होतात ५५,५३६. म्हणजे खेड्यातल्या एका माणसाला सरकारनंच ठरवलेली कमीत कमी मजुरी वर्षभर मिळाली, तर सरकारच्याच हिशोबात त्याचं घर गरीब राहत नाही. म्हातारी आई असो, चार पोरं असोत. तळाला असलेला माणूसच सरकारला वर आलेला दिसतो. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

पिवळ्या कार्डाच्या अटींत आणखी एक खिळा ठोकलेला आहे. घरात व्यवसाय कर भरणारं कुणी नसावं. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की व्यवसाय कर कापला जातो. दहा हजारांच्या वर गेला की वर्षाला २,५००. वॉचमनला तेवढाच, दोन लाख पगारवाल्या साहेबालाही तेवढाच. साहेबाला तो कळतही नाही. वॉचमनच्या पगाराच्या चिठ्ठीवर मात्र तो एक पुरावा होऊन बसतो, की बघा, हा आता गरीब नाही.

आणि तो एक लाख! १९९९ साली एक लाखात वीस तोळ्यांहून जास्त सोनं यायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका तोळ्याला लाख रुपये झाले. आणि त्याच एप्रिल-मेमध्ये राज्यभर 'अपात्र शिधापत्रिका शोध मोहीम' निघाली. सरकारी, निमसरकारी किंवा खाजगी कंपनीतल्या कामगाराचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर त्याचं पिवळं-केशरी कार्ड रद्द करा, असा हुकूम. सव्वीस वर्षांत सगळ्याचे भाव बदलले, एक लाख मात्र जागचा हलला नाही. केंद्राच्या नोकरांना महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढवून मिळतो. मिळू दे, आमचं काही म्हणणं नाही. पण महागाई साहेबाच्याच घरी जाते आणि आमच्या वस्तीला वळसा घालते काय? आणि शब्द कसला वापरला बघा. शोध मोहीम. शोध चोराचा घेतात, फरारी माणसाचा घेतात. महिन्याला ८,३३४ रुपये कमावणारा माणूस या राज्यात फरारी ठरला!

आता नोकरी कसली लागते तेही बघू. बापजाद्यांच्या डोक्यात नोकरी म्हणजे रेल्वे, मिल, म्युनिसिपालिटी. एकदा चिकटलं की साठाव्या वर्षापर्यंत चिंता नाही. तिथंही आमच्या वाट्याला काय यायचं ते आम्ही जाणतो. मुंबईच्या मिलमध्ये विणकाम खात्याचा पगार चांगला, म्हणून तिथं अस्पृश्याला दार बंद. तुटलेला धागा तोंडानं ओला करावा लागतो, त्यानं विटाळ होतो, असं कारण सांगायचे. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत हे सगळं उघडं केलं आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून दाखवले. आजच्या पोराला विटाळ सांगत नाहीत. त्याला ठेका देतात. अकरा महिन्यांचा कागद, बारावा महिना घरी. सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, गोडाऊन, कचऱ्याची गाडी, डिलिव्हरीची पिशवी. झाडू तोच. अंगावर गणवेश चढला एवढंच.

धरून चला, एका पोराचा पगार महिना ११,००० ठरला. प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के म्हणजे १,३२० गेले. ईएसआयचे ८३ गेले. व्यवसाय कर २०० गेला. हातात आले ९,३९७. शहरात खोलीतली खाट आणि खानावळ मिळून ५,००० धरले, तेही कमीच. घरी पाठवायला उरले ४,४०० च्या आसपास. घरी आई, बाप, आजी, धाकटी बहीण आणि हा धरून पाच नावं. पाच नावांचं धान्य २५ किलो. ११,००० गुणिले १२ म्हणजे १,३२,०००, म्हणून कार्ड रद्द. बाजारात किलोला ३५ रुपये धरले तर २५ किलोचे झाले ८७५. म्हणजे पोरगा घरी जे पाठवतो त्याचा पाचवा हिस्सा त्याच्या नोकरीनंच खाल्ला. पोराच्या पगाराची शिक्षा आजीच्या ताटाला. तिनं कुठली नोकरी केली होती?

आणि बाराव्या महिन्याला ठेका संपतो. पोरगा घरी येतो. पगार गेला, पण कार्ड परत येत नाही. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे. सेतूतून उत्पन्नाचा दाखला आणा. तो आणला तर मागचा पगार दिसतो. तेही निस्तरलं तर उत्तर मिळतं, "इष्टांक संपलाय." हा शब्द आमच्या आयाबायांना तोंडपाठ झालाय. कापायला एक दिवस पुरतो, जोडायला वर्ष पुरत नाही. खिडकीतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, सिस्टीम घेत नाही. सिस्टीम काढताना कशी घेते?

इष्टांक म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथं आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे सात कोटी माणसांची मर्यादा आखून दिली. खेड्यातले ७६.३२ टक्के, शहरातले ४५.३४ टक्के. हा हिशोब २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे २०११ नंतर जन्मलेली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, दुष्काळानं शहरात ढकललेली घरं, सगळ्यांना त्याच जुन्या आकड्यात बसायचंय. नवं नाव घ्यायचं तर जुनं काढायचं. म्हणून शोध मोहीम. शेजारच्याच्या पोराला नोकरी लागली की आपल्याला वाटतं, याचं कापलं तर आपलं लागेल. मग कोण कुणाची चुगली करतो? वॉचमनची चुगली बिगारी करतो, बिगाऱ्याची चुगली मोलकरीण करते. गोदामातून ट्रकच्या ट्रक काळ्या बाजारात जातात त्याची चुगली कुणीच करत नाही. सात कोटींची भिंत सरकारनं बांधली. आम्ही मात्र एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन ती चढतोय.

यात ठेकेदाराचं फावतं. पोरगा स्वतःच येऊन म्हणतो, साहेब, माझं नाव रजिस्टरला घेऊ नका, रोख द्या. ठेकेदाराला हेच हवं असतं. फंड वाचला, ईएसआय वाचली, अपघात झाला तर हा माणूस आमचा नाहीच म्हणायची सोय झाली. पाच किलो धान्य वाचवायला पोरगा आपलं म्हातारपण आणि आपला दवाखाना विकून टाकतो. सरकार म्हणतं, गरिबांनी संघटित क्षेत्रात यावं. आणि आला की त्याच्या आईच्या हातातली पिशवी हिसकावून घेतं. माणसाला खोटं बोलायला हेच भाग पाडतात, आणि वर खोटारडा म्हणून हमीपत्र लिहून घेतात.

आता आपल्या माणसांशी बोलतो. आमच्यातले काही नोकरदार बंधू म्हणतात, बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला. फुकटचं कशाला खायचं? नोकरी लागली तर कार्ड स्वतःहून परत करा. यांना मी विचारतो, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला काय सोडायला सांगितलं? मेलेलं ढोर सोडा, उष्टं-शिळं सोडा, दारोदार भाकर मागणं सोडा. का सोडा? कारण ती भाकर गावाच्या मर्जीवर होती. येसकरानं रात्रंदिवस राबायचं आणि संध्याकाळी दाराबाहेर उभं राहून घोंगडीत तुकडे घ्यायचे. ते बलुतं म्हणजे गुलामीचा पगार होता. म्हणून बाबासाहेब महार वतनाच्या मुळावर उठले.

रेशन बलुतं नाही. ते कुणाच्या दारात मागायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं अन्न योजनांना कायद्याच्या हक्काचं रूप दिलं आणि २०१३ ला संसदेनं कायदा केला. धान्य पिकवणाऱ्यांत आमची शेतमजूर आई आहे, पोती उचलणाऱ्यांत आमचा हमाल बाप आहे. पिशवीवर पुढाऱ्याचा फोटो छापला म्हणून ते पुढाऱ्याच्या बापाचं होत नाही. ज्याचं पोट खरोखर भरलंय, ज्याची नोकरी कायम आहे, त्यानं जरूर सोडावं. पण अकरा महिन्यांच्या गुलामाला स्वाभिमानाचे धडे देऊ नका. स्वाभिमान रिकाम्या डब्यात ठेवता येत नाही.

आणि रेशन म्हणजे फक्त कंगालाचं, ही समजूतच मुळात खोटी आहे. मुंबईत २ मे १९४३ ला रेशनिंग सुरू झालं तेव्हा गिरणी कामगार आणि कारकून एकाच रांगेत होते. पुढं कित्येक वर्षं नोकरी असणं हा रेशनच्या दुकानात गुन्हा नव्हता. १९७२ च्या महागाईत मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्यात नोकरदारांच्या बायका पुढं होत्या. सगळेच रांगेत होते म्हणून धान्य सडकं आलं तर ओरड व्हायची. १९९७ ला गरीब वेगळा, बिगर-गरीब वेगळा अशी वाटणी झाली. मध्यमवर्ग रांगेतून निघून गेला आणि जाताना आवाजही घेऊन गेला. मागं राहिलो आम्ही. गावकुसाबाहेरच्यांसाठी वेगळा पाणवठा असायचा, तशी ही वेगळी रांग.

आमच्या चळवळीनं पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. त्या ब्लॅक पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये ऑकलंडला शाळेच्या पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. बंदुकीइतकाच त्यांचा तो नाश्ता सरकारला झोंबला, कारण उपाशी पोराला जेवू घालणं हे राजकारण आहे. त्याच देशातल्या फूड स्टॅम्पचा हिशोब बघा. माणसाला काम लागलं तर पगारातला वीस टक्के हिस्सा हिशोबात धरतच नाहीत, आणि उरलेला जसा वाढेल तशी मदत हळूहळू कमी करतात. तिथंही वरची मर्यादा आहे, तिथंही गरिबाचा छळ आहे, मला त्या भांडवलशाहीचे गोडवे गायचे नाहीत. पण एवढं तरी तिथं कळलंय की पगार वाढला की ताट एका झटक्यात ओढायचं नसतं. इथं मात्र ९९,९९९ ला कार्ड आणि एक लाख एकला कोरडा हात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. नोकरी लागल्यापासून निदान दोन वर्षं कुणाचंही धान्य बंद करू नये. ठेक्याच्या, रोजंदारीच्या आणि अकरा महिन्यांच्या कामाला नोकरी म्हणून मोजूच नये.

२. १५,०००, ४४,०००, ५९,००० आणि एक लाख हे सगळे आकडे रद्द करून किमान वेतनाशी जोडलेली मर्यादा आणावी. महागाई भत्ता वाढला की तीही वाढली पाहिजे.

३. एकाच्या पगारापायी अख्ख्या घराचं धान्य तोडू नये. म्हातारे, विधवा, अपंग आणि शिकणारी पोरं यांची नावं कुठल्याही कारणानं कापू नयेत.

४. लेखी नोटीस आणि सुनावणी झाल्याशिवाय एकही नाव काढू नये. नोकरी गेली तर त्याच महिन्यात कार्ड पूर्ववत झालं पाहिजे, इष्टांकाचं कारण चालणार नाही.

५. इष्टांकाची भिंत पाडा. लोकसंख्या वाढली तसा आकडा वाढवा.

मागण्या मान्य होईतोवर काय करायचं? खोटा दाखला काढू नका, खोटी फाळणी दाखवू नका. एजंट पैसे खाऊन पळतो, सापडतो आपला माणूस. पोरगा खरोखरच वेगळा राहत असेल, त्याची चूल वेगळी असेल, तर नाव कमी करून वेगळं कार्ड मागणं हा त्याचा हक्क आहे. नुसता कामाला शहरात गेला असेल तर 'वन नेशन वन रेशन कार्ड'खाली तो आपल्या वाट्याचं धान्य तिथल्या दुकानात उचलू शकतो आणि बाकीचं घर गावात उचलू शकतं. दुकानदार नाही म्हणाला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्म्यांची जीभ टाळूला चिकटते. कार्ड कापलं तर कुठल्या हुकमानं, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचं धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यायची तरतूद आहे. आणि नोकरीत फंडावर पाणी सोडू नका. पगाराची चिठ्ठी मागा, ठेक्याचा कागद मागा. काम सुटलं तर ते कधी सुटलं हे सांगणारा तोच पुरावा.

आणखी एक. त्या कायद्यानं दक्षता समित्यांवर अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना प्रतिनिधित्व द्यायला सांगितलंय. तुमच्या वॉर्डात, तुमच्या गावात ती समिती आहे काय? तिच्यावर आपल्या वस्तीतलं कोण आहे? की पाटलाच्या घरी काम करणारा एखादा आपला म्हणून बसवलाय? तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीला जेवढी घरं फिरता तेवढीच घरं याच्यासाठी फिरा. कुणाचं कार्ड नोकरीपायी गेलं, केव्हा गेलं, नोटीस मिळाली काय, ती नोकरी आज शिल्लक आहे काय, याच्या याद्या करा. बायांना पुढं बसवा, कायद्यानं कार्डावर घरप्रमुख त्याच आहेत आणि हिशोबही त्यांनाच पाठ आहे. याद्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात आकडे छापू आणि ते आकडे घेऊन पुरवठा अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसू.

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिलो खाल्लेली माणसं अजून वस्तीत आहेत. त्यांनी उपास काढून पोरं शिकवली ती नोकरीसाठी. ती नोकरी आणि हे धान्य, दोन्ही आमचं आहे. एकाच्या बदल्यात दुसरं ठेवा म्हणणाऱ्याला विचारा, तू कुठलं ठेवलंस?

जयभीम!